पुन्हा त्याच बाकावर

आपल्या कॉलेजात डिटेन झालेल्या मुलाला ओळखणं फार सोपं आहे. पहिल्या दिवशी तो वर्गात सगळ्यांच्या आधी येतो (मागच्या वेळी नेमकं हेच जमलेलं नसतं!), शेवटून दुसऱ्या बाकावर बसतो आणि ओळखीचं कुणी दिसलं की मोबाइलमध्ये डोकं घालतो. मीही तसाच बसलो होतो. बाक तोच होता. गेल्या वेळी एका कंटाळवाण्या लेक्चरला कंपासच्या टोकाने कोरलेली माझ्या नावाची अक्षरं तिथेच होती. फक्त आजूबाजूची पोरं बदलली होती. काल-परवापर्यंत मेसच्या रांगेत "दादा, तुम्ही आधी घ्या" म्हणणारे ज्युनियर्स आता माझे क्लासमेट! त्यांना काय बोलावं कळेना आणि मला कुठं बघावं कळेना.

पहिलाच तास होता टेक्निकल रायटिंगचा. आता हॉस्टेलचा एक अलिखित नियम आहे : ज्याचा पेपर नाही तो विषयच नाही. त्यामुळे या तासाला लोक झोप पूर्ण करतात, नाहीतर पुढच्या लेक्चरची असाइनमेंट उतरवतात. मीही गेल्या वेळी हेच केलं होतं. पण मित्रहो, या वेळी त्या एका तासाने माझी अशी काही खरडपट्टी काढली, की हा लेख लिहायला बसलो. माझी तक्रार तुमच्याविरुद्ध आहे, सरांविरुद्ध आहे आणि सगळ्यांत जास्त माझ्याविरुद्ध आहे. वर्षभर आपण हजारो पानं लिहितो. पण त्यातलं स्वतःचं लिखाण किती?

आधी थोडं फ्लॅशबॅक. म्हणजे मी डिटेन कसा झालो ते.

कारण काही फार मोठं नव्हतं. अटेंडन्स कमी आणि सबमिशन शेवटच्या रात्रीवर. त्या रात्रीचं वर्णन हॉस्टेलवाल्यांना करायची गरज नाही. एका रूममध्ये सात जण, मध्ये टॉपरचं जर्नल, एक जण वाचतोय आणि सहा जण खाली मान घालून खरडताहेत. पहाटे चारला मशीन्सचं जर्नल पूर्ण झालं. दुपारी सरांनी ते उघडलं, दोन पानं चाळली आणि शांतपणे विचारलं, "हा सतरा नंबर कोणाचा?" मी रीडिंग्ज उतरवली होती, ग्राफ उतरवला होता आणि त्याच झोकात मित्राचा रोल नंबरसुद्धा उतरवला होता! सगळे हसले. मीही हसलो. मग सरांनी दुसरा प्रश्न विचारला, "स्टार कनेक्शनमध्ये एका वाइंडिंगला किती व्होल्टेज मिळतं?" स्टार आणि डेल्टाची आकृती मी त्याच जर्नलमध्ये तीनदा काढली होती, तीही स्केलने, नीट, लेबल देऊन. तरी उत्तर आलं नाही. सरांनी सही केली नाही, टर्म ग्रांट झाली नाही. विषय संपला.

मी गावाकडे आलो. आमच्या तालुक्याच्या गावी, लातूरकडे, मामांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. घरी बसून आईचे उसासे ऐकण्यापेक्षा मी दुकानात जायला लागलो. जळालेल्या मोटारी यायच्या. जुनी तार काढायची, स्लॉट साफ करायचे, मामा नवीन कॉइल भरायचे, वार्निश मारायचं, वाळवायचं. माझ्याकडे काम होतं वहीचं. कुणाची मोटार, किती एचपी, काय झालं, कधी न्यायची हे लिहायचं आणि तयार मोटारीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची. "इंजिनियर हाय, लिहील नीट," असं मामा गिऱ्हाइकाला सांगायचे. त्यांना माझा फार अभिमान!

एकदा एका शेतकऱ्याची ३ एचपीची विहिरीवरची मोटार आली. तिची सहाही टोकं बाहेर काढलेली होती, पण टर्मिनलचं झाकण आणि जोडायच्या पितळी पट्ट्या शेतावरच राहिल्या होत्या. म्हणजे शेवटचं कनेक्शन तिकडचा वायरमन करणार. मामा म्हणाले, "चिठ्ठीवर कनेक्शन कसं करायचं ते लिही." मी लिहिलं : "कनेक्शन जुन्यासारखे करावे." तीन शब्द. मला वाटलं, किती सुटसुटीत!

माझ्या डोक्यातलं "जुनं" म्हणजे हीच मोटार जळायच्या आधी जशी जोडलेली होती तशी, म्हणजे स्टारमध्ये. पण त्या शेतकऱ्याच्या विहिरीवर या मोटारीच्या आधी ५ एचपीची मोटार होती आणि ती डेल्टामध्ये होती. गावच्या वायरमनने चिठ्ठी वाचली. त्याच्या लेखी "जुनी" म्हणजे ती आधीची मोटार. त्याने डेल्टा जोडला.

इलेक्ट्रिकलवाल्यांना पुढचं कळलं असेल. इतरांसाठी सांगतो. आपल्याकडे थ्री फेजचं लाइन व्होल्टेज साधारण ४१५. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला त्याला १.७३ ने भागून मिळतं, म्हणजे २४० च्या आसपास. डेल्टामध्ये पूर्ण ४१५. जी वाइंडिंग २४० साठी भरली आहे तिला ४१५ दिले तर लोखंड सॅच्युरेट होतं, करंट भसाभस वाढतो आणि तार तापून इन्सुलेशन जळतं. ओव्हरलोड रिलेने मोटार बंद करायला हवी होती. पण रिले सारखा ट्रिप होतो म्हणून तो कुणीतरी डायरेक्ट करून ठेवला होता, गावाकडे असतो तसा. शेतीला थ्री फेज लाइट ठरावीक तासच, तीही बऱ्याचदा रात्रीची. रात्री लाइट आली, मोटार सुरू झाली, थोड्याच वेळात धूर. हा सरांचाच प्रश्न होता, बरं का! फक्त या वेळी तो ओरलमध्ये नव्हता, विहिरीवर होता.

दुसऱ्या दिवशी ते काका मोटार टेम्पोत टाकून दुकानात आले. टोमॅटोचा प्लॉट होता त्यांचा, ऐन फळात. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी खिशातून ती चिठ्ठी काढली आणि मामांपुढे ठेवली. मामांनी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जुन्यासारखं म्हंजे कुन्या जुन्यासारखं रे, बापू?"

मोटार परत भरायला चार दिवस गेले. मामांनी मजुरी घेतली नाही, तांब्याचे पैसेही घेतले नाहीत. चार दिवस प्लॉटला पाणी नव्हतं. त्याचं पुढे काय झालं हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मामा मला एवढंच म्हणाले, "लिहिनाऱ्याला म्हाईत असतंय, म्हनून वाचनाऱ्याला म्हाईत असतंय असं नसतंय."

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या पहिल्या तासाला बसलो होतो. मॅडम आत आल्या. हजेरी घेतली. माझ्या नावाशी क्षणभर थांबल्या, पण काही बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मग म्हणाल्या, "मोबाइल बॅगेत. एक कोरं पान घ्या. गेल्या वर्षात तुमच्या हातून बिघडलेली एक गोष्ट लिहा. वीस मिनिटं. भाषा कोणतीही चालेल."

वर्गात कुजबुज. एकाने विचारलं, "मॅडम, फॉरमॅट काय?" दुसऱ्याने, "मॅडम, किती मार्कांना?" तिसऱ्याला गेल्या वर्षात आपल्या हातून काहीच बिघडलेलं आठवेना. मॅडम म्हणाल्या, "मग आईला फोन करून विचार." वर्ग हसला. मग हळूहळू पेनं चालायला लागली.

माझ्याकडे तर लिहायला मोठाच विषय होता. मी इंग्लिशमधून सुरुवात केली. पहिलंच वाक्य आपोआप आलं : "ड्यू टु सम अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस, आय हॅड टु फेस मेनी चॅलेंजेस." पुढे अनुभवाने खूप काही शिकवलं, अपयश ही यशाची पायरी वगैरे. पाऊण पान भरलं. वाचून मलाच बरं वाटलं. एकदम इंटरव्ह्यूसारखं!

वीस मिनिटं झाली. मॅडम म्हणाल्या, "पान शेजाऱ्याला द्या. शेजाऱ्याने वाचायचं, पण लिहिणाऱ्याला काही विचारायचं नाही. नेमकं काय घडलं असं तुम्हाला कळलं, ते खाली दोन ओळींत लिहा. जिथे अडखळाल तिथे खाली रेघ मारा."

माझ्या शेजारी गेल्या वर्षीचा एक ज्युनियर होता, शांत पोरगा. त्याने पान दोनदा वाचलं, पेन दातात धरून विचार केला आणि खाली लिहिलं : "दादा, काहीतरी वाईट झालं एवढंच कळलं. काय झालं ते कळलं नाही. चूक तुमची होती की नाही, तेही कळलं नाही."

मित्रांनो, डिटेनची नोटीस वाचतानासुद्धा मला एवढं लागलं नव्हतं. कारण पोरगं बरोबर होतं. "अनअव्हॉइडेबल" हा शब्द मी का वापरला? ती गोष्ट टाळता येण्यासारखी नव्हती का? होती! एक शब्द जास्त लिहिला असता तर टळली असती. पण मी ते वाक्य बनवलंच नव्हतं. असंख्य रजेच्या अर्जांतून ते माझ्या हातात येऊन बसलं होतं आणि संधी मिळताच बाहेर पडलं. मी अजूनही जर्नलच उतरवत होतो, फक्त समोर जर्नल नव्हतं.

मग मॅडमनी तेच पान पुन्हा लिहायला सांगितलं. नवीन विषय नाही, तेच पान! या वेळी मी मराठीत लिहिलं. मोटार ३ एचपीची, चिठ्ठीवरचे तीन शब्द, वायरमन, धूर. शेजाऱ्याने वाचलं. या वेळी रेघ एकाच ठिकाणी : "पट्टी म्हणजे काय?" तो कॉम्प्युटरचा, त्याला बिचाऱ्याला टर्मिनलची पट्टी कशी माहीत असणार? मी अर्धी ओळ वाढवली. तास संपता संपता मॅडम म्हणाल्या, "आता त्या दिवशी जे लिहायला हवं होतं, ते लिही." मी लिहिलं : "ही मोटार ३ एचपीची आहे. फक्त स्टारमध्ये जोडा. डेल्टात जोडल्यास जळेल." आणि खाली तीन टोकं एकत्र दाखवणारी छोटी आकृती. तीन छोटी वाक्यं. त्यासाठी मला एक वर्ष, एक मोटार आणि कुणाचा तरी टोमॅटोचा प्लॉट लागला.

आता मुद्द्यावर येतो.

आपल्या इंजिनियरिंगच्या परंपरेत जीटीला मानाचं स्थान आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच, खाली दिवा, काचेवर टॉपरची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रात्रभर रेघा गिरवणे. कित्येक बॅचेस या काचेवरून पास झाल्या. ऑटोकॅड आलं तशी काच कमी झाली, पण सवय राहिली. जर्नलचं "कन्क्लुजन" आठवून बघा. प्रयोग ट्रान्सफॉर्मरचा असो, सिमेंटच्या क्यूबचा असो की लिंक्ड लिस्टचा असो, शेवट एकच : "दस वी हॅव सक्सेसफुली स्टडीड..." आणि पुढे प्रयोगाचं नाव. रीडिंग चुकलं तरी सक्सेसफुली, मीटर बंद असला तरी सक्सेसफुली!

आणि नोव्हेंबर २०२२ पासून तर काचही नको, टॉपरही नको. चॅटजीपीटीला सांगितलं की रिपोर्ट तयार. जीटीची जीपीटी झाली, मध्ये एक अक्षर वाढलं, एवढंच. मी त्याच्या विरुद्ध नाही. स्पेलिंग बघायला, न कळलेली थिअरी समजून घ्यायला मी स्वतः वापरतो. पण एक गोष्ट सांगा. त्या दिवशी दुकानात मी त्याला विचारलं असतं, "३ एचपीच्या मोटारीची चिठ्ठी लिहून दे," तर त्याने माझ्यापेक्षा शुद्ध चिठ्ठी दिली असती, कदाचित स्टारसुद्धा लिहिलं असतं. पण त्या विहिरीवर आधी ५ एचपीची मोटार होती, पट्ट्या शेतावर राहिल्या होत्या आणि रिले डायरेक्ट केला होता, हे त्याला कोण सांगणार? ज्याने काकांना चार प्रश्न विचारले असते तोच. म्हणजे मीच! लिहिताना "वाचणारा काय समजेल?" हा प्रश्न स्वतःला पडला असता, तर ते चार प्रश्न मी विचारले असते. लिहिणं म्हणजे नुसतं माहिती कागदावर उतरवणं नाही. आपल्याला काय माहीत नाही हे लिहिताना कळतं. उतरवताना ते कधीच कळत नाही. माझा मुद्दा एवढाच आहे.

कुणी म्हणेल, एका मोटारीवरून केवढं रामायण! तर मोठं उदाहरण घ्या. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान उडालं. त्यात कल्पना चावला होत्या. १९८२ साली चंदीगडच्या पंजाब इंजिनियरिंग कॉलेजातून बाहेर पडलेल्या, म्हणजे आपल्यासारख्याच एका कॉलेजातल्या. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच इंजिनियर मंडळींनी नुकसानीचा अंदाज काढला आणि नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड्सवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडच्या मथळ्याचा सूर असा होता की चाचण्यांचे आकडे पाहता आपण सुरक्षित बाजूला आहोत. आणि त्याच स्लाइडच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट होती : आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घन इंचांचा आणि चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा. म्हणजे ६४० पट! ज्या चाचणीच्या जोरावर मथळा लिहिला ती चाचणी या प्रसंगाला लागूच नव्हती. १ फेब्रुवारी २००३ ला परतताना यान फुटलं, सातही जण गेले.

नीट वाक्य लिहिलं असतं तर ते सातजण वाचले असते, असं मी म्हणत नाही. प्रकरण तेवढं सोपं नव्हतं. पण ऑगस्ट २००३ मध्ये चौकशी मंडळाचा अहवाल आला, त्यात ती स्लाइड छापली आणि अशी स्लाइड वाचून वरिष्ठांना धोका लक्षात न येणं सहज शक्य आहे, अशा अर्थाची टीका केली. म्हणजे रॉकेटच्या चौकशीत लिखाणाची चौकशी झाली! आणि आपण इथे म्हणतो, टेक्निकल रायटिंगला पेपर नाही, झोपा.

दर १५ सप्टेंबरला आपण विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो. भाषणात धरणं येतात, गेट्स येतात. पण याच माणसाने १९३४ साली देशाच्या नियोजनावर आख्खं पुस्तक लिहिलं, हे कुणी सांगत नाही. चांगला इंजिनियर आणि लिहिणारा माणूस हे दोन वेगळे प्राणी आहेत, ही समजूत आपली आपणच करून घेतली आहे.

आता सरांची बाजू. कारण सगळा दोष त्यांच्यावर ढकलणं म्हणजे परत तेच "अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस"! हिशेब करू. वर्गात ६० मुलं, एका विषयाचे १० प्रयोग, प्रत्येकाची निदान ६ पानं. झाली ३६०० पानं. एका विषयाची! एवढी पानं कुठलाही माणूस वाचू शकत नाही. सरांना ठाऊक असतं की पोरांनी उतरवलंय, पोरांना ठाऊक असतं की सर वाचणार नाहीत. दोघंही एकमेकांना काही बोलत नाहीत. लाल पेनाची एक सही होते आणि जर्नल कपाटात जातं. या कराराला आपण टर्मवर्क म्हणतो.

माझी सूचना साधी आहे. १० पैकी ८ प्रयोगांचं फक्त ऑब्झर्व्हेशन टेबल आणि ग्राफ घ्या. थिअरी पुस्तकात आहे, ती परत लिहून कुणाचं भलं होत नाही. उरलेल्या २ प्रयोगांवर प्रत्येकाने स्वतःचं एकच पान लिहावं : काय करायला गेलो, काय झालं, कुठे चुकलं, का चुकलं असावं. मोबाइल बॅगेत, प्रॅक्टिकलच्या वेळातच. सरांनी ते वाचावं, जिथे अडखळले तिथे फक्त रेघ मारावी आणि परत द्यावं. मुलाने तेच पान पुन्हा लिहावं. ६० मुलं, २ पानं, दोनदा वाचन : २४० पानं. ३६०० च्या जागी २४०! सरांचाही त्रास कमी आणि रात्रभर खरडून आपली मान दुखते तीही वाचेल. ज्याचं रीडिंग चुकलं आणि का चुकलं हे ज्याने प्रामाणिकपणे लिहिलं, त्याला टॉपरच्या रीडिंगवाल्यापेक्षा जास्त मार्क मिळावेत, एवढं मात्र व्हायला हवं. नाहीतर चुकलेलं रीडिंग कोण दाखवणार?

दुसरी सूचना भाषेची. पहिला कच्चा खर्डा मराठीत चालू द्या. हे म्हटलं की लगेच कुणीतरी म्हणणार, "मग प्लेसमेंटचं काय? कंपनीवाले मराठीत इंटरव्ह्यू घेणार का?" नाही घेणार. इंग्लिश यायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. २०२१ मध्ये एआयसीटीईने काही कॉलेजांना मराठीसह इतर भारतीय भाषांत इंजिनियरिंग शिकवायला परवानगी दिली. तो मोठा विषय आहे आणि माझं म्हणणं त्याहून लहान आहे. आमच्यासारखी मराठी मीडियमची पोरं इंग्लिशमध्ये लिहायला बसली की आधी वाक्य शोधतात आणि मग त्या वाक्यात बसेल तेवढीच गोष्ट सांगतात. उरलेली गोष्ट गिळून टाकतात. त्या तासाला मी आधी मराठीत लिहिलं म्हणून मला कळलं की सांगायचं काय आहे. मग रात्री रूमवर त्याचंच इंग्लिश केलं, तर वाक्यं छोटी आली, साधी आली, पण माझी आली. शेजारच्या रूममधला एक जण नागपूरचा, कॉन्व्हेंटवाला. त्याने वाचलं आणि म्हणाला, "ग्रामर दोन ठिकाणी गंडलंय, पण समजलं सगळं." यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला अजून कुणी दिलेलं नाही.

आणि शेवटी आपल्या पोरांना. नियम बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. सबमिशनच्या रात्री सगळं उतरवा, मी काही संत नाही, मीही उतरवेन. पण एका प्रयोगाचं, फक्त एकाचं, कन्क्लुजन स्वतः लिहून बघा. "दस वी हॅव स्टडीड" न वापरता. मग ते रूम पार्टनरला वाचायला द्या, दुसऱ्या ब्रँचचा असेल तर उत्तम. त्याला विचारा, "काय कळलं?" तो "काही नाही" म्हणाला तर राग धरू नका. त्याने तुमची एक मोटार वाचवली असं समजा.

परवा मामांचा फोन आला होता. दुकानात चिठ्ठ्या आता दुसरा पोरगा लिहितो. मामा म्हणाले, "त्याला सांगितलंय, लिहून झालं की वहिनीला वाचून दाखवायचं. तिला कळलं तर मोटारीला बांधायचं." मामी चौथी शिकलेली. आमच्या दुकानाच्या एक्सटर्नल एक्झामिनर!

हा लेख मी चारदा लिहिला. चौथ्यांदा तो बाकावरच्या त्या शेजाऱ्याला दिला, तर त्याने तरीही दोन ठिकाणी रेघ मारली. ती दोन्ही ठिकाणं बदलली. अजून कुठे अडखळलात तर रेघ मारा आणि मासिक घेऊन सरळ माझ्या रूमवर या. टपरीवरचा कटिंग माझ्याकडून.

— द्वितीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी (दुसऱ्यांदा)